एक कलम २१ घटनेतलं, दुसरं जल कायद्यातलं

लातूर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.चं शेवटचं वर्ष चालू आहे. कोर्टात उभं राहायचं नाही, शिकवायचं आणि संशोधन करायचं आहे. ओढा तीन विषयांकडे: मानवाधिकार, पर्यावरण कायदा आणि तंत्रज्ञानाचं नियमन. "तिन्ही धरले तर धड एकही होणार नाही, असं सर म्हणतात. खरं आहे का? एलएल.एम. कुठून करू? नेट आधी की पीएच.डी.? आणि यात पोट भरतं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घरात तोच विचारला जाणार. भरतं, पण उशिरा. आकडे पुढे सांगते. आधी विषयांचं बोलू.

मला शिकवायला लागून तिसरं वर्ष असेल. एका चर्चासत्रात स्वच्छ पर्यावरणाच्या हक्कावर निबंध वाचला. घटनेचं कलम २१ म्हणजे जगण्याचा हक्क, त्यात स्वच्छ हवा-पाणी येतं असं सांगणारा १९९१ चा सुभाष कुमार खटला, १९९६ चा वेल्लोरच्या चामडे कारखान्यांवरचा निकाल, पर्यावरण वकील एम. सी. मेहतांच्या याचिका, सगळं ओळीने लावलं होतं. टाळ्या पडल्या. मग शेवटच्या रांगेतून प्रदूषण नियंत्रणाच्या कामातून निवृत्त झालेले एक फील्ड ऑफिसर उठले. म्हणाले, "मॅडम, निबंध छान. पण यात सॅम्पल कुणी घेतलं?"

मला प्रश्नच कळला नाही. चहाच्या वेळी त्यांनी समजावलं. माझ्या निबंधात कलम २१ पानोपानी होतं, पण ते घटनेतलं. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातही एक कलम २१ आहे आणि ते माझ्या निबंधात एकदाही नव्हतं. ते कलम सांगतं की कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कायदेशीर खटल्यात पुरावा म्हणून चालायचा असेल तर तो कसा घ्यायचा. तिथल्या तिथे लेखी नोटीस द्यायची. ताबेदाराच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही भाग वेगवेगळ्या बाटल्यांत भरून खूण करायची, सील लावायचं, दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या. एक बाटली लगेच मंडळाच्या प्रयोगशाळेत जाते. दुसरी, कारखानदाराने मागणी केली तर, राज्याच्या जल प्रयोगशाळेत. यातली एक पायरी चुकली की आतलं पाणी कितीही काळं असो, अहवालाचा खटल्यात उपयोग शून्य.

त्यांचा एक जुना सहकारी अजून नोकरीत होता. त्याच्या मागे मी एक दिवस एका एमआयडीसीत हिंडले. गेटवर वॉचमनने साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगितलं, मग नोटीस कुणाच्या हातात द्यायची यावर पाऊण तास गेला. सांडपाण्याच्या नाल्याच्या आउटलेटजवळ वारा इतका, की सीलची लाख वितळायला काडीपेटीतल्या निम्म्या काड्या संपल्या. विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या काचेच्या बाटलीत त्याने दोन रसायनं सोडली आणि आत तपकिरी साका धरला. म्हणाला, हे इथेच करावं लागतं. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतलं पाणी बदलतं. मी विचारलं, महिन्यात असे किती नमुने घेता? तो हसला. नेहमीचे असतात ते 'जेव्हीएस', म्हणजे संयुक्त दक्षता नमुने. ते पाळत ठेवायला, नोटिसा द्यायला, बँक गॅरंटी जप्त करायला पुरतात. 'लीगल सॅम्पल' हा वेगळा प्रकार, आणि तो क्वचित.

त्या एका दिवसाने माझी पुढची पंधरा वर्षं ठरवली. स्वच्छ पाण्याचा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा सांगितलं याची यादी कुणीही करू शकतं. तो हक्क वॉचमनच्या गेटवर, लाखेच्या सीलपाशी कसा अडकतो, हे फार कमी लोकांनी लिहिलं होतं.

आता याच नाल्यावर तंत्रज्ञान कसं येतं बघा. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर आणि धुरांड्यावर सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितलं. आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर. छान. पण १९७४ च्या कलम २१ मध्ये दोन बाटल्या आहेत, सेन्सर नाही. मग सेन्सरने रात्री दोन वाजता मर्यादा ओलांडल्याचं दाखवलं, तर त्या आकड्याची कायद्यात किंमत काय? दंडाधिकाऱ्यापुढच्या खटल्यात एक, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे दुसरी, कारण २०१० च्या कायद्याने न्यायाधिकरणाला पुरावा कायद्याच्या नियमांतून मोकळं ठेवलं आहे. सेन्सर कुणी बसवला? कारखान्यानेच. त्याचं कॅलिब्रेशन कोण तपासतं? आकडे गावातल्या माणसाला दिसतात का? दिसले तर त्याला 'सीओडी' हे प्रदूषणाचं माप म्हणजे काय ते कुणी सांगायचं?

या एका नाल्यात तुमचे तिन्ही विषय आले. म्हणून तुमच्या सरांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. तीन विषय वरवर धरले तर काहीच होणार नाही, हे खरं. पण विषय म्हणून न धरता एकाच कायद्यात नियम, नमुने, परिपत्रकं आणि रजिस्टरपर्यंत खाली उतरलात, तर बाकीचे दोन तुम्हाला शोधत येतील. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं उलटं करतात. आधी 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवाधिकार' असं नाव ठरवतात आणि मग त्याखाली घालायला मजकूर शोधत बसतात.

दुसरं उदाहरण देते, कारण पुढच्या दहा वर्षांत त्यावर खूप काम लागणार आहे. समजा, तुम्ही प्रकल्पग्रस्तांवर संशोधन करताय. भूसंपादनाचा मोबदला कुणाला किती मिळाला, ही यादी माहिती अधिकारात मागितलीत. पूर्वी कलम ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहिती नाकारता येत होती, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने विनाकारण खासगीपणाचा भंग होत असेल तरच, आणि व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागत होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे कलम आखडलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा हा बदलही लागू झाला. आता 'वैयक्तिक माहिती आहे' एवढं म्हणून जनमाहिती अधिकारी हात झटकू शकतो. कलम ८(२) मधली जनहिताची खिडकी अजून उघडी आहे, पण ती वापरायची तर जनहिताचा मुद्दा तुम्हीच नीट मांडायला हवा. म्हणजे खासगीपणाचा हक्क जपायला केलेल्या कायद्याने विस्थापितांच्या हक्कावर काम करणाऱ्याचं कपाट बंद केलं. हे वाक्य मी वर्गात म्हटलं की एखादा हुशार मुलगा म्हणतोच, "पण मॅडम, २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क ठरलाय ना?" ठरलाय, नऊ न्यायाधीशांनी एकमताने. म्हणूनच यावर लिहिणं अवघड आहे आणि म्हणूनच लिहायला हवं. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये संशोधनासाठी सवलत आहे, तीही वाचून ठेवा. गावात जाऊन मुलाखती रेकॉर्ड करणार असाल तर ती तुमच्या कामाची आहे.

नुसत्या अभ्यासाने काही हलतं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. दोन गोष्टी सांगते. दोन्ही महाराष्ट्रात सुरू झालेल्या आहेत.

मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, म्हणून संमती होती असं मानलं. सप्टेंबर १९७९ मध्ये चार कायदा शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. पत्रात आरडाओरडा नाही. निकाल हातात धरून ओळ न ओळ तपासली आहे, आणि शरण जाणं वेगळं, संमती वेगळी हा साधा भेद न्यायालयाच्या हातून कसा निसटला ते दाखवलं आहे. त्यानंतर देशभर महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर ती नव्हती असंच न्यायालयाने धरायचं, हे पुराव्याच्या कायद्यात आलं. शैक्षणिक लिखाण कसं असावं याचा नमुना म्हणून मी दर वर्षी हे पत्र वर्गात मोठ्याने वाचायला लावते. धागमवारांनी पुढे दिल्लीत 'मार्ग' ही संस्था काढली, तेही वाचा. विद्यापीठाबाहेरूनही हे काम होतं, याची ती खूण आहे.

दुसरी गोष्ट पालघरची. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून एका मुलीला, आणि ती पोस्ट 'लाइक' केली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्या बातमीने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या विशीतल्या मुलीने याचिका केली आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपते. पण २०१८ मध्ये अभिनव सेखरी आणि अपार गुप्ता या दोन वकिलांनी एक साधा प्रश्न विचारला: रद्द झालेलं कलम पोलीस खरंच वापरत नाहीत का? त्यांनी न्यायालयांच्या नोंदी चाळल्या. वापरत होते. मेलेलं कलम एफआयआरमध्ये फिरत होतं. त्या कामाच्या आधारे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०२२ मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. कुठली परदेशी सिद्धान्तमांडणी नाही, मोठं अनुदान नाही. निकाल खालपर्यंत झिरपला का, एवढंच बघितलं. तुमच्या लातूरच्या न्यायालयात बसून असं काय काय बघता येईल, याचा विचार करा.

आता कारकिर्दीची यंत्रणा. हे कंटाळवाणं आहे, पण यातच लोक घसरतात.

एलएल.एम. दोन प्रकारचं आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एक वर्षाचं, बहुतेक ठिकाणी क्लॅट-पीजी या प्रवेश परीक्षेतून; दिल्लीचं विद्यापीठ मात्र 'आयलेट' ही स्वतःची परीक्षा घेतं. राज्य विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचं. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात दम घ्यायला वेळ नसतो. प्रबंधाचा विषय ठरेपर्यंत सबमिशन येतं. फायदा ग्रंथालयाचा, डेटाबेसचा आणि सोबतीच्या मुलांचा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात संदेशवहन-नियमनावर आणि बंगळुरूच्या विद्यापीठात पर्यावरण कायद्यावर स्वतंत्र केंद्रं आहेत, तिथे संशोधन साहाय्यक म्हणून काम मिळालं तर वर्ष सार्थकी लागतं. दोन वर्षांचं एलएल.एम. स्वस्त पडतं आणि त्यात नेटची तयारी होते. घरून पैसे सहज मिळणार नसतील तर कर्ज काढून एक वर्षाच्या मागे लागू नका. निवड समितीपुढे बसले आहे, म्हणून सांगते: पदवी कुठली यापेक्षा प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचवतं का, याने मत बनतं. निदान माझं तरी.

नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आधी. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पीएच.डी. सक्तीची होणार अशी हवा काही वर्षं होती. २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती काढली आणि साहाय्यक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) ही किमान अट ठेवली. शिवाय २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशालाही नेटचे गुण चालतात, ७० टक्के वजन त्या गुणांना, ३० मुलाखतीला. म्हणजे एकाच परीक्षेत दोन दारं. आपल्याकडे सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं, तीही द्या. पण सेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप, मिळत नाही. जेआरएफ ही खरी कमाई: महिना ३७,००० रुपये, पुढे वरिष्ठ फेलो झालात की ४२,०००, वर घरभाडं. खुल्या गटात वयोमर्यादा ३० आहे, मुलींना सवलत आहे. नेटमध्ये विधी हा विषय आहे, तसा 'मानवाधिकार व कर्तव्ये' असाही वेगळा विषय आहे. तुम्ही विधीच घ्या. दुसऱ्या विषयातून लॉ कॉलेजात जागा मिळवणं अवघड जातं, त्याचे विभागच मोजके आहेत. जेआरएफ हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन फेलोशिप आहेत, ज्यांना ज्या लागू असतील त्या. कुठलीही फेलोशिप ठरल्या तारखेला येते असं धरून खोलीचं भाडं मात्र ठरवू नका.

आणि पगार. अनुदानित किंवा शासकीय ठिकाणी कायम साहाय्यक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. पोट भरतं म्हणाले ते हे. उशिरा म्हणाले ते यासाठी, की या जागा निघतात कधी, हे कुणाच्या हातात नाही. आरक्षणाची बिंदुनामावली तपासणं, ना-हरकत, जाहिरात, मग कुणीतरी न्यायालयात जातं आणि सगळं थांबतं. मधली वर्षं तासिका तत्त्वावर जातात. सीएचबी हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, पेपर तपासल्याचे, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली रचल्याचे, मे महिन्याचे नाहीत. मी स्वतः चार वर्षं अशी काढली. एका संस्थेत मानधनाचा चेक दिवाळीनंतर यायचा आणि सही मात्र जुलैच्या रकान्यात घ्यायचे. त्या काळात मला वकिलीच्या सनदेने तारलं. वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा वकिली कायद्याखालच्या केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांत आहे. म्हणून कोर्टात उभं राहायचं नसलं तरी सनद घ्या. कायम नोकरी लागली की ती स्थगित करून घ्यावी लागते, ते तेव्हा बघू. आणि ती चार वर्षं फुकट गेली नाहीत. फिर्यादीत पत्ता चुकला की समन्स कसं परत येतं, हे पाहिलेला माणूस 'न्यायापर्यंत पोहोच' या विषयावर वेगळं शिकवतो.

पीएच.डी.च्या विषयाबद्दल एक नमुना देते, तो हवा तर घ्या. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या परिशिष्टात डेटा सेंटर अशी वेगळी ओळ नाही. ती इमारत म्हणून मोजली जातात, बांधकामाच्या चौरस मीटरवर. पण डेटा सेंटरचा खरा बोजा चौरस मीटरमध्ये नसतो. तो विजेत, थंड ठेवायला लागणाऱ्या पाण्यात आणि गच्चीवर नाहीतर अंगणात ओळीने मांडलेल्या डिझेल जनरेटरमध्ये असतो. मग कायदा चुकीच्या फुटपट्टीने मोजतोय का? आसपासच्या वस्तीला याबद्दल कुठे बोलता येतं? युरोपचा २०२४ चा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा, २०२२ चे आपले ई-कचरा नियम, मंडळाची संमतीपत्रं, सगळं या एका प्रश्नाभोवती गोळा होतं. तीन वर्षांत संपेल इतका हा विषय लहान आहे, आणि गाइडला झोप येणार नाही इतका नवा.

गाइड निवडताना त्यांचे जुने विद्यार्थी गाठा आणि एकच विचारा: प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत मिळायचं? बाकी नावलौकिक वगैरे ठीक आहे.

प्रकाशनांबद्दल थोडक्यात. 'आपला अमूल्य शोधनिबंध तीन दिवसांत प्रकाशित' अशा ईमेल यायला लागतील. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता दर्जा ओळखायची जबाबदारी संस्थांवर आणि तुमच्यावर आहे. पैसे मागणाऱ्या आणि संपादकांचा पत्ता नसलेल्या ठिकाणी देऊ नका. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही, तेव्हा घाईचं कारणही नाही.

शिकवण्याची तयारी मात्र कधी संपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून काढला. गंमत अशी, की हक्क जाहीर झाला त्याच निकालात माळढोकसाठी विजेच्या तारा जमिनीखाली घालायचा आधीचा सरसकट आदेश सैल झाला, कारण पलीकडे सौरऊर्जा उभी होती. सोलापूरजवळच्या नान्नजला एकेकाळी माळढोक दिसायचा. तिथली मुलं वर्गात असली की हा निकाल शिकवणं सोपं नसतं. मे २०२५ मध्ये मुंबईच्या 'वनशक्ती'च्या याचिकेवर न्यायालयाने सांगितलं की काम आधी आणि पर्यावरण मंजुरी मागाहून, हे चालणार नाही. मी जूनमध्ये टिपणं नवी केली. नोव्हेंबरमध्ये २ विरुद्ध १ मतांनी तोच निकाल मागे घेतला गेला. टिपणं पुन्हा नवी केली, पण जुनी फेकली नाहीत, न्या. उज्जल भुयाँ यांचं भिन्नमत मी आता मुख्य निकालाइतकंच शिकवते. मुंबई उच्च न्यायालयातला कुणाल कामरा खटलाही असाच शिकवण्याजोगा: सरकारबद्दलचा मजकूर खोटा ठरवणाऱ्या सरकारी फॅक्ट-चेक युनिटवर जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांत एक-एक मत पडलं, आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायाधीशांनी, न्या. अतुल चांदूरकरांनी, नियम रद्द ठरवला. दोन्ही बाजूंचे निकाल वाचून मुलांना भांडायला लावा, तास कमी पडतो.

इंग्रजीची धास्ती तुमच्या पत्रात ओळींच्या मधून दिसते. इंग्रजी सुधारावंच लागेल, वाचन सगळं त्यातच आहे. पण मराठी ही तुमची पडती बाजू आहे असं समजू नका. प्रकल्पाच्या जनसुनावणीला गावात अहवालाचा फक्त सारांश मराठीत येतो, मूळ शेकडो पानांचा अहवाल इंग्रजीत. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा फक्त हिंदी-इंग्रजीत निघाला तेव्हा तो २२ भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. जनसुनावणीत म्हातारी बाई काय म्हणाली आणि इतिवृत्तात काय उतरलं, हे दोन्ही वाचू शकणारे अभ्यासक विद्यापीठांत फार थोडे आहेत. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. त्यामागची ग्रामसभेतली वर्षानुवर्षांची चर्चा कुठल्याही लॉ रिपोर्टमध्ये सापडणार नाही. ती गोंडी आणि मराठीत झाली.

परदेशाचं इतकंच, की जायचं असेल तर आधी इथला एक प्रश्न घेऊन जा. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत 'जागतिक पातळीवर काम करायचंय' असं म्हणणारे शंभर असतात.

आता कामाला लावते. या महिन्यात तुमच्या तालुक्यातला एक प्रकल्प निवडा: साखर कारखान्याची डिस्टिलरी, खाण, मोठी गृहरचना, काहीही. केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर त्याचं पर्यावरण मंजुरीचं पत्र काढा. त्यात अटी असतात, क्रमांक घालून. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे या अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक कागद आहे. शेवटचे दोन अहवाल मिळवा. संकेतस्थळावर सापडले नाहीत तर माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचं काम आहे. मग एका कागदावर दोन रकाने आखा: अट काय, उत्तर काय. 'पालन केले' एवढंच लिहिलेलं किती ठिकाणी आहे ते मोजा, आणि एक अट स्वतः जाऊन बघा. झाडं लावायची होती तर झाडं आहेत का, फलक लावायचा होता तर फलक आहे का, सेन्सरचे आकडे गेटबाहेर दाखवायचे होते तर तो स्क्रीन चालू आहे का. अर्ज नाकारला गेला तर नाकारल्याचं पत्र जपून ठेवा. ते प्रबंधात पहिल्या प्रकरणात लागेल.